सक्ती कुणावर?



२०२५च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेवरून रान उठलं. १६ एप्रिलला सरकारनं आदेश काढला की पहिलीपासून पोरांना तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवायची, आणि तीही सक्तीनं. बोंब झाली तसा १७ जूनला शब्द बदलला, 'सर्वसाधारणपणे' असं आलं. २९ जूनला दोन्ही आदेश मागं घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. ५ जुलैला वरळीत विजयाचा मेळावाही झाला. त्या दिवसांत केज, माजलगाव, अंबाजोगाईकडची आपली कार्यकर्ती पोरं विचारत होती, आपण कुणाकडून? मराठीकडून की हिंदीकडून?

प्रश्न असा मांडला की आपण निम्मे हरलोच. कारण बीड जिल्ह्याला भाषेची सक्ती काही नवी नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ती बघितली. पण शाळेच्या भिंतीबाहेर उभं राहून बघितली. म्हणून तिचा इतिहास आपण आपल्या बाजूनं पुन्हा वाचला पाहिजे.

बीड १९४८पर्यंत निजामाच्या मुलखात होतं. दरबारची भाषा आधी फारसी आणि १८८४पासून उर्दू. १९१७ला फर्मान निघालं आणि हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. वरपर्यंतचं सगळं शिक्षण उर्दूतून. त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं काढलं आणि पाश्चात्त्य शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आणली. एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, देशी भाषेत कायदा आणि वैद्यकी शिकवता येते हे त्या माणसांनी करून दाखवलं. मराठीचा जप करणाऱ्यांना ते अजून जमलेलं नाही.

पण ती भाषा होती कुणाची? संस्थानात जवळपास निम्मी माणसं तेलुगू बोलणारी, चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कानडी. उर्दू म्हणाल तर दहातल्या एकाची. आणि त्या दहाव्यातलाही गरीब मुसलमान घरात दखनी बोलायचा, दरबारी उर्दू त्यालाही परकीच. खालचे वर्ग आईच्या भाषेत आणि पुढं सगळं उर्दूत, असा तो रस्ता. चौथीच्या पुढं गेलेल्या मराठी पोराची तिथं जीभ अडकायची. म्हणून खासगी मराठी शाळा निघाल्या. अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद. तिथं १९१७ला योगेश्वरीची शाळा निघाली, पुढं स्वामी रामानंद तीर्थांनी तिथं मास्तरकी केली. १९३८ला उस्मानियातल्या पोरांनी 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं, त्यातली बरीच नागपूरला जाऊन शिकली.

आपल्याला शिकवलेला मराठवाड्याचा इतिहास इथं येऊन थांबतो. उर्दूचा जुलूम झाला, मराठीनं झुंज दिली, मराठी जिंकली. खोटं नाही ते. पण बाकावर बसलं होतं कोण, हे त्यात कुणी विचारत नाही. १९५१च्या खानेसुमारीत हैदराबाद संस्थानात शंभरी दहा माणसंसुद्धा साक्षर भरली नाहीत. आता त्या दहांत गावकुसाबाहेरची किती असतील? उर्दूच्या बाकावर आपण नव्हतो आणि मराठीच्या बाकावरही औषधापुरते. ज्याला पाटीच मिळाली नाही त्याच्यावर पाटीवरच्या अक्षराची सक्ती कशी होणार?

त्याच १९३८ सालात आणखी दोन गोष्टी घडल्या. मद्रास इलाख्यात राजगोपालाचारींच्या सरकारनं १२५ शाळांत हिंदी सक्तीची केली. पेरियार उठले, माणसं तुरुंगात गेली. जानेवारी १९३९मध्ये नटराजन नावाचा तरुण कैदेत असताना मेला. मार्चमध्ये तालमुत्तू मेला. फेब्रुवारी १९४०मध्ये आदेश मागं घेतला. नटराजन हा दलित पोरगा होता. भाषेच्या लढ्यातला तिथला पहिला बळी आपल्यातला, हे किती जणांना ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. ३० डिसेंबर १९३८ला कन्नड तालुक्यात मक्रणपूरला भाऊसाहेब मोऱ्यांनी परिषद भरवली, बाबासाहेब आले. ती परिषद उर्दू-मराठीसाठी नव्हती, माणूस म्हणून उभं राहण्यासाठी होती. एकाच साली उस्मानियातली पोरं आपल्या गाण्यासाठी वसतिगृह सोडत होती आणि मक्रणपूरला जमलेली माणसं गावात सरळ चालता यावं म्हणून जमली होती. दोन्ही लढे खरे. पण पहिल्याची वर्णनं शाळेच्या पुस्तकात सापडतात आणि दुसऱ्याचं गाव नकाशात हुडकावं लागतं.

आमच्या घरची एक गोष्ट सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा आज्या येसकर. चावडीवरचा कागद तालुक्याला पोचवायचा आणि तिथला उलट आणायचा. पावसात स्वतः भिजायचा, पण कागद धोतराच्या सोग्यात कोरडा. सगळा जन्म त्यानं अक्षरं वाहिली, त्यातलं एक त्याला वाचता आलं नाही. उर्दू नाही, मोडी नाही, बाळबोधही नाही. त्याच्या पत्र्याच्या पेटीत एक कागद होता, उर्दूतला. घरात सगळे म्हणायचे, आपल्या जमिनीचा कागद हाये. दिवाळीला पेटी पुसायची, कागदाला हात लावायचा आणि परत ठेवायचा. देवासारखा.

आता जोतीरावांकडं बघा. १८८२ला हंटर आयोगापुढं त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं, आणि काय शिकवायचं त्यात मोडी आणि बाळबोध दोन्ही लिहा-वाचायला आलं पाहिजे हे घातलं. सोबत हिशेब आणि शेतीचं ज्ञान. मोडी कशाला? कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत, सावकाराचं खत मोडीत. जोतीरावांना भाषेचा अभिमान मिरवायचा नव्हता. ज्या अक्षरात शेतकऱ्याची मान अडकली आहे ते अक्षर पोराला आलं पाहिजे, इतका साधा हिशेब. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, तेही त्याच हिशेबानं.

बाबासाहेबांचं तर उलटं झालं. त्यांना आणि त्यांच्या भावाला संस्कृत घ्यायचं होतं, अस्पृश्य म्हणून मिळालं नाही, नाइलाजानं फारसी घ्यावी लागली. एकावर लादायची आणि दुसऱ्याला नाकारायची, भाषेची सक्ती ही अशी दोन्हीकडून चालते. नाकारायच्या सक्तीला आदेश लागत नाही, म्हणून तिच्यावर मोर्चेही निघत नाहीत. पुढं बाबासाहेबांनी संस्कृतही स्वतःच्या हिमतीवर शिकलं आणि शेवटी पालीचं व्याकरण, पालीचा कोश करत बसले. ज्या भाषेत आपल्यावरचा कायदा लिहिलाय तीही पाहिजे, आणि ज्या भाषेत बुद्ध सापडतो तीही पाहिजे.

सप्टेंबर १९४८मध्ये पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, हळूहळू उर्दू कचेरीतून गेली. मग आपलं राज्य, आपली भाषा! १९६०ला महाराष्ट्र झाला, १९६४ला राजभाषेचा कायदा झाला. कचेरीतल्या शब्दांसाठी १९६२ला पदनाम कोश निघाला, अत्र्यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून खिल्ली उडवली. तरी तीच मराठी कचेरीत बसली. दरखास्त शब्द आमच्या आजीला कळायचा. 'उपरोक्त विषयांकित प्रकरणी' हे तिच्या बापालाही कळलं नसतं. शाळेत मास्तर आपल्या पोराच्या 'व्हय' आणि 'न्हाई'वर हसले, वर्ग हसला, पोरगं घरी बसलं. या सक्तीला काय म्हणायचं? आणि केस तालुक्यातून औरंगाबाद खंडपीठात गेली की मराठीही संपते, तिथं इंग्रजी. २०००पासून पहिलीला इंग्रजी आली तेव्हा आज मराठीसाठी उठणारे बरेच जण गप होते, कारण त्यांची पोरं आधीच इंग्रजी शाळेत होती. मी त्या निर्णयाला नावं ठेवत नाही. इंग्रजी आपल्या पोराला पहिलीपासूनच पाहिजे. पण शिकवणारा मास्तर पाहिजे, नुसतं पुस्तक नको.

दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या पोरांनी हा हिशेब आपल्यापेक्षा स्वच्छ मांडला. गोऱ्या सरकारनं १९७४ला हुकूम काढला, निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिका. १६ जून १९७६ला सोवेटोची शाळकरी पोरं रस्त्यावर आली. गोळीबार झाला, बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन पडला. ती पोरं इंग्रजीवर चिडली नव्हती, तीही गोऱ्याचीच भाषा असून. इंग्रजीनं बाहेरचं जग उघडतं आणि आफ्रिकान्सनं फक्त मालकाचा हुकूम कळतो, हे त्यांनी ओळखलं होतं. अमेरिकेत तर वाद उलट्या टोकाचा आहे. तिथं घरी स्पॅनिश बोलणारी माणसं चार कोटींच्या वर. शेतात राबणारी, हॉटेलात भांडी घासणारी पुष्कळ माणसं त्यांतलीच. कॅलिफोर्नियात १९९८ला मतदान घेऊन त्यांच्या पोरांचं स्पॅनिशमधून शिकणं जवळपास बंद केलं, २०१६ला परत मतदान घेऊन ते बंधन काढलं. आणि तिथं काही जण विचारतात, इंग्रजी घरातल्या पोरांना स्पॅनिश सक्तीची का नको? म्हंजे साहेबाच्या पोरानं मजुराची भाषा शिकायची! होईल न होईल, पण प्रश्न तरी निघाला.

आपल्याकडं निघालाय का? दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता आणि लेकरं ट्रॅक्टरात. काही कोल्हापूर-सांगलीकडं, काही थेट कर्नाटकात. पाच-सहा महिने पोरगं कानडी मुलखात, फडाच्या कडेला. हंगामी वसतिगृह मिळालं तर गावात, नाही तर शाळा बुडाली. तांड्यावरचं पोरगं गोरमाटी बोलतं, पारध्याचं पारधी बोलतं. त्याला पहिलीत मराठी हीच सक्तीची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी, आता हिंदी चौथी. या पोरासाठी कुठल्या पक्षानं मेळावा घेतला? आणि तांड्यावर नेमलेल्या मास्तरला गोरमाटी आली पाहिजे, ती आल्याशिवाय त्याची नोकरी कायम नको, असा आदेश का निघत नाही? पहिलीच्या हिंदीला माझा विरोध आहे तो यासाठी. ती खालच्या पोरावरच येते, साहेबावर काही येत नाही, आणि त्या पोराचा एकही कागद तिनं वाचता येत नाही.

कागद म्हणालो तर २०२३ आठवतं. मराठा आरक्षणासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि मराठवाड्यातली निजामकाळची दप्तरं उघडली. उर्दू, फारसी, मोडी वाचणारी माणसं हुडकायची पाळी सरकारवर आली. ज्या उर्दूला आम्ही जुलूम म्हणालो तीत लोकांचे हक्क पडून होते. त्यांचे कागद वाचले गेले, चांगलं झालं. गायरानात आणि इनामात आपले किती कागद त्याच दप्तरांत आहेत? ते वाचायला कोण बसणार? गायरानाच्या केसेस लढणाऱ्या पोरांनो, तुमच्यातल्या दहांनी तरी उर्दू आणि मोडी शिका. आदेशाची वाट बघू नका.

त्याच धामधुमीत आम्ही आज्याचा कागद पेटीतून काढला आणि अंबाजोगाईत एका निवृत्त उर्दू मास्तरांकडं नेला. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, उजेडात धरला, दोनदा वाचला. फसली १३४५, म्हंजे १९३५-३६. ते इनामाचं पत्र नव्हतं. गहाणखत होतं. साठ रुपये हाली घेऊन चार एकर दिले, मुदतीत पैसे न फेडल्यास जमीन देणाऱ्याची. खाली आज्याचा अंगठा, शाईचा, अजून काळाभोर.

मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. चहा पाजला.