अकराचे दहा

शनिवारची सकाळ आहे, दुसरा चहा झालाय, तर एक जुनी कबुली देऊन टाकतो. 'ईव्ह ऑनलाइन' नावाच्या गेममधल्या बलाढ्य अलायन्सच्या नावाने मी कायम बोटं मोडायचो. "ह्यांच्यामुळे गेमची वाट लागली" हे माझं ठरलेलं वाक्य. आणि एके दिवशी मीच त्यातल्या एकीत भरती झालो! कॉलेजच्या मित्रांचा आमचा अकरा जणांचा गट सोडून. एक मित्र "विकला गेलास लेका" म्हणाला आणि पुढे कित्येक महिने बोलला नाही. मी खरंच दुटप्पी होतो का?

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: आइसलंडच्या सीसीपी कंपनीने २००३ साली आणलेला हा अंतराळातला गेम. (चीनचा सर्व्हर सोडला तर) सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात. दूरच्या सूर्यमालांवर खेळाडूंच्याच अलायन्स राज्य करतात. तिथे पोलीस नाहीत, कोर्ट नाही.

सुरुवातीच्या वर्षांत दरारा होता 'बँड ऑफ ब्रदर्स'चा. कसलेले खेळाडू, महागडी जहाजं. त्यांच्याविरुद्ध उभी राहिली 'गूनस्वॉर्म'. बरीचशी नवखी, टवाळ मंडळी, स्वस्तातली छोटी जहाजं घेऊन झुंडीने यायची. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्सचाच एक संचालक गूनस्वॉर्मला फितूर झाला आणि त्याने अख्खी अलायन्स बरखास्त करून टाकली. अलायन्स गेली, तसा मुलुखावरचा ताबाही गेला. किल्ल्याचा दरवाजा आतूनच उघडला म्हणा ना.

खरी गंमत पुढे आहे. प्रस्थापितांना हसणारी हीच गूनस्वॉर्म काही वर्षांत गेममधल्या सगळ्यात मोठ्या आघाड्यांपैकी एकीची म्होरकी झाली. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या सूर्यमालेच्या ताब्याचं बिल समोरच्या बाजूकडून भरायचं राहून गेलं आणि तेवढ्यावरून सुमारे २१ तास लढाई पेटली. ७५ टायटन जहाजं खलास! सर्व्हरला झेपेना म्हणून गेममधला काळ दहा टक्के वेगाने चालवावा लागला. पुढे २०१६ मध्ये ह्या आघाडीला हाकलायला बाकीचे एकत्र आले. म्हणजे आघाडी मोडायला काय केलं, तर आणखी मोठी आघाडी :-)

असं का होतं? आपल्या इंजिनियरी डोक्याला पटणारं उत्तर फ्रेडरिक लँचेस्टर ह्या इंग्रज इंजिनियरने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडून ठेवलंय. दुरून मारा करणाऱ्या सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्या जहाजांच्या लढाईत १०० विरुद्ध ५० धरा. १०,००० वजा २,५०० म्हणजे ७,५००, त्याचं वर्गमूळ साधारण ८७. पन्नासच्या पन्नास संपतात तेव्हा शंभरातले ८७ शाबूत असतात. दुप्पट माणसं, चौपट ताकद.

त्यात तिथला रिवाज असा, की मित्र स्क्रीनवर निळे दिसतात आणि निळा नसेल त्याला दिसताक्षणी उडवायचं. तटस्थ राहण्याची सोयच नाही. शिवाय मोठी अलायन्स तिच्या मोहिमेत बुडालेल्या जहाजाचे पैसे भरून देते. आमच्या गटात जहाज गेलं की पुढचे दोन वीकेंड खनिजं खोदा! विरोध करण्याचा फायदा सगळ्यांना, खर्च मात्र ज्याचा त्याला. म्हणून लोक तोंडाने विरोध करतात आणि पायांनी भरती होतात. मनाने मात्र बाहेरच राहतात. अशा अवाढव्य अलायन्स पुष्कळदा आतूनच फुटतात, त्यात मला तरी नवल वाटत नाही.

एवढं सगळं गणित मांडून मी स्वतःला निर्दोष सोडणार होतो. पण परवा सहज तेच सूत्र आमच्या गटाला लावून पाहिलं. मला वाटायचं, मी गेलो, एक माणूस कमी झाला, त्यात काय एवढं? अकराचा वर्ग १२१. दहाचा १००. एक माणूस गेला आणि सहावा हिस्सा ताकद गेली. मोठ्या अलायन्समध्ये माझ्या येण्याने कोणाला काही कळलंसुद्धा नाही.

म्हणजे माझं जाणं हिशोबाला धरून होतं, तसाच त्याचा रागही. मी फक्त माझ्याच बाजूची बेरीज केली होती.

असो. चहा गार झाला. त्याला फोन करतो.