ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलाची तापवाढ

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या मोटारीच्या गिअरबॉक्समधील तेल वंगणाचे काम तर करतेच. शिवाय इंजिनाची शक्ती पुढे पोचवणे, दाबाने आतले क्लच चालवणे आणि उष्णता वाहून नेणे हीही कामे त्याच्याकडे असतात. गाडी नेहमीसारखी चालत असता त्याचे तापमान साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअस राहते. ११५–१२० अंशांपुढे ते झपाट्याने विटू लागते, भागांवर लाखेसारखा चिकट थर धरतो. १५० अंशांच्या आसपास रबरी सील कडक होतात, क्लचच्या पट्ट्या जळू लागतात. दर ११ अंश वाढीला तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशोब तंत्रज्ञ मांडतात.

ही उष्णता मुख्यतः वेगातून येत नाही. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचे पंख जोरात फिरत असतात आणि गिअरबॉक्सकडचे मागे पडतात. या घसरणीत वाया जाणारी शक्ती तेलात उतरते. महामार्गावर लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जखडतो आणि घसरण थांबते. म्हणून ताशी १०० किमीने धावणाऱ्या गाडीपेक्षा खंडाळ्याच्या चढावर ट्रकमागे रखडणाऱ्या भरल्या गाडीचे तेल अधिक तापते. ब्रेक न लावता अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी चढावर धरून ठेवण्याची खोड सर्वांत घातक.

तेल तापल्याचा इशारा आल्यास गाडी बाजूला घ्यावी, पार्किंग ब्रेक लावून गिअर ‘पी’मध्ये टाकावा आणि इंजिन चालूच ठेवावे. लोक घाबरून आधी चावी फिरवतात. पण तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाले की तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारा प्रवाहही थांबतो. इंजिनाचा स्वतःचा काटा लाल पट्ट्यात असेल, किंवा तेल गळत वा धूर निघत असेल, तरच ते बंद करावे. पुढे चढताना मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरावा.

तेल कमी असणे, कूलर तुंबणे, लॉक-अप न लागणे ही नेहमीची कारणे. बऱ्याच गाड्यांत कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. तो आतून फुटला तर कूलंट तेलात मिसळून गुलाबी, दुधाळ द्रव तयार होतो. अशा स्थितीत गाडी चालवूच नये. ट्रेलर ओढणाऱ्यांनी वेगळा हवाई कूलर बसवून घेणे योग्य. काळपट रंग आणि करपट वास ही तेल जळल्याची खूण, मात्र दोन्हींपैकी वास अधिक भरवशाचा.

हे तेल कधीच बदलावे लागत नाही, असे काही मोटार कंपन्या सांगतात. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किमीदरम्यान ते बदलण्याची शिफारस करते. घाटात वापरल्या जाणाऱ्या गाडीसाठी यातला कमी आकडा धरावा. तेल मात्र उत्पादकाने सांगितलेलेच हवे: सीव्हीटी प्रकारच्या गिअरबॉक्सचे निराळे असते, आणि एएमटी तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो.