जामखेड आरोग्य प्रकल्प

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथील लोकाधारित आरोग्य प्रकल्प व रुग्णालय. स्थापना १९७०. संस्थापक डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९). 'कॉम्प्रिहेन्सिव्ह रुरल हेल्थ प्रोजेक्ट' हे त्याचे इंग्रजी नाव. बीड, धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांना खेटून असलेला हा तालुका पर्जन्यछायेतला. कोरडवाहू ज्वारी, दर दोन-चार वर्षांनी पडणारा दुष्काळ आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी कुटुंबे, असे इथले वर्षाचे चक्र.

आरोळे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, तर मेबल यांचा जन्म जबलपूरचा. खेड्यातच काम करायचे हे लग्नाच्या वेळीच ठरलेले होते. १९६२ पासून चार वर्षे दोघांनी नगर जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. तिथे रुग्णांची रीघ लागे, शस्त्रक्रिया होत, लोक दुवा देत. पण जुलाबाने सुकलेले मूल सलाइन लावून घरी पाठवावे आणि काही आठवड्यांनी तेच मूल त्याच अवस्थेत पुन्हा यावे, हे काही थांबेना. दारात येणारे बहुतेक आजार गावातच टाळता येण्याजोगे आहेत, ही खूणगाठ त्यांनी तिथे बांधली. पुढे अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले आणि जामखेडला आले. गावकऱ्यांनी जागा दिली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची. तिथूनच रुग्णालय सुरू झाले.

आजूबाजूच्या गावांसाठी आधी प्रशिक्षित परिचारिका नेमल्या गेल्या. हा बेत फसला. बाहेरून आलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहायला धजेना आणि तिचे सांगणे सासूबाईंच्या गळी उतरेना. तेव्हा, गावातल्याच बायकांना का शिकवत नाही, असे एका गावच्या पुढाऱ्याने सुचवले. प्रकल्पाची सगळी कीर्ती ज्या कल्पनेवर उभी आहे ती अशी डॉक्टरांची नव्हे, गावाची आहे. गावाने निवडलेल्या या ग्राम आरोग्यसेविका बहुतेक निरक्षर, मध्यमवयीन आणि अनेकदा दलित समाजातल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, एका पंगतीत जेवत आणि एकाच खोलीत झोपत. शिवाशिव उघड पाळली जाण्याच्या त्या काळात हे जेवण आरोग्यशिक्षणाइतकेच महत्त्वाचे होते.

शिकायचे काय, तर गावात नेमके जे अडते तेच. जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे. मुलाचे वजन कसे नोंदवायचे. बाळंतपणात हात साबणाने धुऊन नाळ स्वच्छ ब्लेडने कशी कापायची, म्हणजे बाळाला धनुर्वात होणार नाही. गरोदर बाईने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहून सुटका सोपी होते, हा समज मोडणे औषधापेक्षा अवघड होते. ते काम बाहेरच्या डॉक्टरपेक्षा चार बाळंतपणे स्वतः भोगलेल्या शेजारणीला अधिक साधले, यात नवल नाही.

१९७२ च्या दुष्काळाने प्रकल्पाला आणखी एक धडा दिला. पाण्याशिवाय आरोग्याच्या गप्पा पोकळ ठरत होत्या, म्हणून कूपनलिका खोदण्याचे काम हाती घेतले गेले. खोदायचे कुठे, हा भूगर्भाचा तेवढाच जातीचाही प्रश्न. त्यामुळे अनेक ठिकाणी जागेची खूण मुद्दाम दलित वस्तीत केली गेली. पाणी लागल्यावर वरच्या आळीतल्या बायकांना हंडा घेऊन तिथे जाणे भागच पडले. समतेवर व्याख्यान न देता केलेली ही युक्ती आरोळ्यांच्या कामाची रीत नेमकी दाखवते. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे पुढे याच ओघात उभी राहिली.

गावातले काम वाढले म्हणून रुग्णालय दुय्यम झाले नाही. सेविकेने पाठवलेली अडलेली बाळंतीण मध्यरात्री पोचली तर सिझेरियन करणारे हात तिथे असत. गावाचा सेविकेवरचा विश्वास त्यावरही टिकून होता. सुमारे ४० खाटांचे हे रुग्णालय खर्चात काटकसरी होते. मोजकी औषधे, जुजबी सामान, नातेवाईकांना आवारातच राहून चूल मांडण्याची मुभा. कुष्ठरुग्णांना वेगळे न ठेवता इतरांबरोबरच उपचार दिले जात. आवारातल्या कार्यशाळेत, फारसे न शिकलेले कारागीर जयपूर फूट आणि इतर कृत्रिम अवयव तयार करत.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्याच्या गावांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजारी १७६ होते. शतकाच्या अखेरच्या दशकात ते तिशीच्या आत आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. प्राथमिक आरोग्यसेवेचा पुकारा करणारी आल्मा-आटा परिषद त्यानंतर तीन वर्षांनी भरली. १९७९ मध्ये दोघांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तर १९९० मध्ये रजनीकांत आरोळे यांना पद्मभूषण. देशविदेशांतील कार्यकर्त्यांसाठी १९९२ मध्ये प्रशिक्षण संस्था निघाली. संस्थापकांनंतर त्यांची मुले डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी कामाची धुरा घेतली.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर नेमल्या गेलेल्या 'आशा' कार्यकर्त्या हे जामखेडच्या सेविकेचे सरकारी रूप म्हणून सांगितले जाते. साम्य आहे, पण ते वरवरचे. आशाच्या मोबदल्याचा हिशेब मुख्यतः कामागणिक होतो, तिची उत्तरदायित्वे वरून ठरतात. जामखेडची सेविका आधी गावाला उत्तर देई आणि दर आठवड्याला शिकवणाऱ्यांसमोर बसून, फसलेल्या बाळंतपणापासून सरपंचाच्या आडमुठेपणापर्यंत सगळे बोलून टाके. सरकारी योजनेने सेविका घेतली. हे आठवड्याचे बसणे मात्र तिला उचलता आले नाही.