बलकाची एक ओळ आणि पुरातत्त्वाचा अभ्यास



घरांतील मुलानें किंवा मुलीनें, ‘मी पुरातत्त्वशास्त्राचा अभ्यास करणार’ असें म्हटलें, कीं सुशिक्षित कुटुंबांतही चिंता उत्पन्न होते. वैद्यकीचा उपयोग सर्वांस दिसतो. फुटक्या खापरांच्या अभ्यासाचा उपयोग काय, असें आईबाप विचारतात, आणि त्यांचें विचारणें गैर नाहीं. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला शाळामास्तर. तरी कर्जत-खालापूर भागांत मुलांना इतिहास शिकवितांना या प्रश्नाचें जें उत्तर मला सुचत गेलें, तें आपणांपुढें ठेवतों.

आमच्या भागाचा इतिहास घाटवाटांशीं निगडित आहे. खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत इ. स. १६६१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाचें सैन्य कोंडलें, हें शाळकरी मुलालाही ठाऊक असतें. परंतु त्यापूर्वीं दीड हजार वर्षें या वाटांनीं कोंकणांतून देशावर कोण चढत होतें? तेथें बखरींचा उपयोग नाहीं. दगडालाच विचारावें लागतें.

राजमाचीच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, कोंढाणें येथें बौद्ध लेणीं आहेत. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास तीं कोरलीं गेलीं. चैत्यगृहाच्या दर्शनी भागीं डावीकडे एका भव्य मूर्तीचा भग्न अवशेष असून, त्याजवळ ब्राह्मी लिपींत एक ओळ आहे. कण्हाचा अंतेवासी बलक यानें हें केलें, एवढाच तिचा अर्थ. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. घाटावरील कार्ल्याच्या लेण्यांत दात्यांचीं नांवें विपुल आहेत. येथें मात्र काम करणाऱ्यानें आपल्या नांवाबरोबर गुरूचें नांव कोरलें आहे.

ही एक ओळ समजण्यास किती विद्या लागते पाहा. ब्राह्मी वाचतां यावी, प्राकृत कळावें, अक्षरांच्या वळणावरून काळाचा अदमास करतां यावा. दगडांत लांकडी बांधकामाची नक्कल कां केली असावी, हें भाज्याच्या लेण्याशीं ताडून पाहतां यावें. पुरातत्त्वशास्त्र तें हेंच.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९३९ सालीं संशोधनसंस्था सुरू झाली आणि डॉ. हसमुख सांकलिया तेथें प्राध्यापक झाले. तेथें हा विषय पदवीनंतर शिकवितात. या संस्थेनें घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. जळके दाणे, हाडें, चुली व खापरें यांवरून तीन हजार वर्षांपूर्वींचा शेतकरी काय पिकवी आणि काय खाई, हें समजलें. त्या शेतकऱ्याची हकीकत कोणत्याही पोथींत नव्हती. या कामीं भाषापंडिताइतकाच रसायन, वनस्पति व प्राणिशास्त्र जाणणाराही लागतो.

नोकऱ्यांविषयीं मुलांना खोटी आशा लावूं नये. सर्वेक्षण खातें, वस्तुसंग्रहालयें, विद्यापीठें यांतील जागा मोजक्या, आणि त्यांसाठीं चुरस मोठी. ज्याला उन्हांत बसून मातीचे थर मोजण्याचा कंटाळा आहे, त्यानें या वाटेस जाऊं नये. पण ज्याला ती आवड आहे, त्याची गरज आज पूर्वींपेक्षां अधिक आहे. कर्जत-खालापुरांत बंगल्यांसाठीं जमिनी सपाट होत आहेत. एखादें पांढरीचें टेकाड यंत्रानें एका दिवसांत नाहींसें होतें. त्यांतील खापर ओळखणारा माणूस तेथें नसेल, तर तें काय होतें हें पुढें कोणासही सांगतां येणार नाहीं. नदीवर पूल मागाहूनही बांधतां येतो. उकरलेला थर पुन्हां रचतां येत नाहीं.

म्हणून पालकांस एवढीच विनंती, कीं नकार देण्यापूर्वीं मुलाला घेऊन पावसाळा सरल्यावर एकदां कोंढाण्यास जावें. तेथें भिंतीवर आपलें नांव खरडूं नये, व दुसऱ्यास खरडूं देऊं नये. बलकाची ओळ दाखवावी आणि मुलगा काय विचारतो तें ऐकावें. त्याच्या प्रश्नांवरूनच त्याचा कल आपणांस समजेल.