रूपविकारी ताऱ्यांचा शोध आणि आकाश सर्वेक्षणे

ज्या ताऱ्याचे तेज काळानुसार कमी-अधिक होते, त्यास रूपविकारी तारा म्हणतात. काही तारे स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतात. काही जोडताऱ्यांत एक तारा दुसऱ्याला ठरावीक काळाने झाकतो. १९१२ मध्ये हेन्रिएटा लेव्हिट यांनी सेफीड ताऱ्यांचा आवर्तकाल व तेज यांतील संबंध प्रसिद्ध केला आणि त्यातून दीर्घिकांची अंतरे मोजण्याचा मार्ग खुला झाला. असे तारे हुडकण्यासाठी त्या निरनिराळ्या रात्री घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा एकमेकींवर ठेवून न्याहाळीत.

आज हे काम संगणक करतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ हे सर्वेक्षण २०१८ मध्ये सुरू झाले. तेथील ४८ इंची दुर्बिणीचा कॅमेरा एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश टिपतो. त्यात दोनशेहून अधिक पूर्णचंद्र मावतील. नव्या छायाचित्रातून त्याच भागाचे जुने संदर्भचित्र वजा केले की स्थिर तारे पुसले जातात आणि बदललेले तेवढे उरतात. प्रत्येक ताऱ्याच्या तेजाच्या नोंदी कालक्रमाने मांडल्या की आलेख मिळतो व त्याच्या आकारावरून ताऱ्याचा प्रकार ओळखता येतो.

या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत ७ लाख ८१ हजारांहून अधिक आवर्ती रूपविकारी तारे आहेत. त्यांपैकी ६ लाख २१ हजारांहून अधिक तारे नव्याने सापडलेले. कुलकर्णी यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला, त्यात या कार्याचाही गौरव आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. एकाच ठिकाणाहून केवळ रात्री वेध घेतल्याने एका दिवसाचा खोटा आवर्तकाल भासू शकतो. म्हणून निष्कर्ष पारखून घ्यावे लागतात. शिवाय अंधूक ताऱ्यांसाठी घडवलेल्या कॅमेऱ्याला ठळक तारे मोजता येत नाहीत, त्यांच्या प्रकाशाने तो दिपून जातो. मृग नक्षत्रातील काक्षी तारा २०१९ च्या अखेरीस मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आले. हा बदल नुसत्या डोळ्यांनीही जाणवत होता. ठळक ताऱ्यांच्या बाबतीत अंगणातून नियमित नोंद ठेवणाऱ्या हौशी निरीक्षकाचे मोल म्हणूनच आजही कायम आहे.