शेत आणि पोथी

श्रावणात आमच्या घरी पोथी लागते. निंदणीहून आलेली माणसे हातपाय धुऊन ऐकावयास बसतात. मी सातवी शिकलेली, म्हणून वाचण्याचे काम माझ्याकडे. एकदा सासूबाई म्हणाल्या, “वाचस तू भराभर, पन तेना अर्थ काय शे?” मला सांगता येईना. तेव्हापासून वाचनालयातून पुस्तके आणू लागले. त्यांत ख्रिस्ती लोकांच्याही एका पोथीची हकीकत मिळाली, ती अल्पमतीप्रमाणे सांगते.

थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यास आला आणि पुढची बहुतेक सारी हयात साष्टी भागात, भातशेती व माडांच्या गावांत राहिला. तेथील देवळे त्याच्या आधीच, १५६७ साली, पाडली गेली होती. लोक ख्रिस्ती झाले, काही मनाने, पुष्कळसे धाकाने. हे लपवून उपयोग नाही. धर्माबरोबर त्यांची जुनी पुराणेही गेली. ज्यांच्या कानांना पिढ्यान् पिढ्या पोथीची सवय, त्यांना हे किती सुने वाटले असेल! नव्या ख्रिस्ती लोकांनी आम्हांस वाचावयाला काही द्या अशी मागणी केली, आणि त्यातून ग्रंथ निघाला, असे त्या ग्रंथातच आले आहे. पाद्रीबाबांनी मराठीचा अभ्यास केला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले, तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे तेथे नव्हते. परक्या मुलखातील माणसाने आपली ओवी शिकावी, याचे मला मोठे नवल वाटते.

रायतूरजवळच्या राय गावी ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त असते. भाताची नवी कणसे कापून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. नवे धान्य आधी देवापुढे ठेवण्याची रीत आपल्याला काही नवी नाही.

गोव्यासारखेच शेतकरी ख्रिस्ती वसईला आहेत. आपल्या स्टेशनावरून सुरतेमार्गे मुंबईला जाणारी गाडी वसईवरूनच जाते. केळीच्या बागा, पानवेली, भाजीपाला यांवर जगलेला तो समाज. राजेळी केळ्यांची सुकेळी तिथलीच. अशाच गावात, नंदाखाल येथे, १९४२ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो जन्मले. रोमला जाऊन शिकले, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक झाले, आणि बायबल सोप्या मराठीत आणून ‘सुबोध बायबल’ दिले. पण शिकून शेताला विसरले नाहीत. १९९० च्या सुमारास वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून जाऊ लागले आणि बागांवर इमारतींचे संकट आले, तेव्हा हरित वसईच्या चळवळीत ते पुढे उभे राहिले. जमीन व पाणी राखणे त्यांना धर्मकार्यच वाटे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली वारले.

असो. बायबलात पेरणाऱ्याचा दृष्टांत आहे. काही बी वाटेवर पडले ते पाखरांनी खाल्ले, काही खडकाळीत पडून वाळले, काही काट्यांत गुदमरले, आणि चांगल्या भुईत पडले त्याचे तीसपट, साठपट, शंभरपट आले. देवाचा शब्द तसाच ऐकणाऱ्यागणिक फळतो, असा अर्थ. सासूबाईंना मी हा सांगितला. त्या लगेच म्हणाल्या, “वाटवर बी टाकस, असा कसा शेतकरी?”

तिफणीने पेरणारास हा प्रश्न पडणारच! पुस्तकात तो मला सुचलाच नव्हता. पुन्हा शोधले, तेव्हा कळले की त्या देशात बी मुठीने फेकून पेरीत, म्हणून ते चारी बाजूंस उडे. हे ऐकून सासूबाईंचे समाधान झाले. “मंग ठीक शे,” म्हणाल्या, “आते पुढली गोष्ट सांग.”