फडक्यातून निसटणारे

आमच्या जैन घरात पाणी गाळून पिण्याची रीत. कळशीच्या तोंडाला दुपदरी फडके बांधल्याशिवाय आई पाणी भरत नसे. फडक्यात कचरा अडकतो, जीवजंतू अडकतात. पाण्यात विरघळलेला धातू मात्र अडकत नाही.

विदर्भात वरोऱ्याची कोळसा खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून आगगाडी आली आणि १९०६ साली खाण बंद पडली. खाणीचा इतिहास आपण असा बंद पडल्याच्या सालावर संपवतो. पाण्याच्या लेखी तो तिथे संपत नाही.

कोळशासोबत लोह आणि गंधक यांचे एक पिवळे खनिज असते. हवा-पाणी लागले की त्याचे आम्ल होते आणि ते आम्ल खडकातले लोह, मँगेनीज, ॲल्युमिनियम सोबत घेऊन वाहते. विदर्भाच्या कोळशात गंधक कमी, म्हणून तिथे हा त्रास सौम्य. मेघालयात गंधक जास्त. तिथले ओढे नारिंगी झाले, मासे गेले आणि २०१४ साली राष्ट्रीय हरित लवादाला उंदीरबिळांसारख्या त्या खाणी थांबवाव्या लागल्या.

गंमत अशी की, त्याच आम्लात दुर्मिळ मृदा धातूही उतरतात. मोबाइल आणि पवनचक्क्यांना लागणारे हे धातू अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा पाण्याच्या गाळातून वेगळे काढून दाखवले आहेत. पाण्यात चुना घालत गेले की आधी लोह खाली बसते, मग ॲल्युमिनियम. मँगेनीज सर्वांत हट्टी.

हे मी कुंभारवाड्यात बसून का सांगतो? आपल्या जोयडा तालुक्यात कोळसा नाही, पण मँगेनीजच्या खाणी होत्या आणि त्या आता रानात बंद पडून आहेत. माझ्या औषधपेटीत मँगेनीज आहे, लोह आहे, गंधकही आहे. औषध आणि विष यांत फरक मात्रेचाच. मँगेनीजची भुकटी दळणाऱ्या कामगारांचे पाय लुळे पडतात, हे ग्लासगोच्या डॉ. कूपर यांनी १८३७ सालीच लिहून ठेवले. आपल्या मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात मँगेनीज ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोय नसेल तर ०.३ पर्यंत चालते.

आपल्या जुन्या घरांत जमिनीचे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहेत. त्यांच्याशेजारी एक वही ठेवा. खाणीच्या खालच्या अंगाची विहीर उन्हाळ्यात एकदा, पावसानंतर एकदा तपासून घ्या आणि आकडा तारखेसह लिहा. धन सापडेल तेव्हा सापडेल. नातवंडे पाणी आजच पितात.